चॅनल कॅटफिश : पिल्लांचे खाद्यमान

चॅनल कॅटफिश (शास्त्रीय नाव इक्टॅल्युरस पंक्टेटस) हा अमेरिकेत तळ्यांत पाळला जाणारा प्रमुख मासा. मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडील सखल, गाळाच्या प्रदेशात त्याची मोठी शेती आहे. आपल्याकडचे मांगूर, शिंगी आणि शिंगाळा हे याच मिशाळ माशांच्या गणातले. पिल्लांच्या वजनाच्या किती टक्के खाद्य रोज द्यायचे, ते खाद्यमान. वय वाढते तशी ही टक्केवारी उतरते, पण तळ्यात पडणारे एकूण खाद्य मात्र वाढतच जाते.

अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पहिले ३ ते ५ दिवस पोटाखालच्या पीतकावर (अंड्यातल्या बलकाच्या शिल्लक साठ्यावर) जगते आणि हौदाच्या तळाशी घोळक्याने पडून असते. पीतक संपत आले की अंग काळवंडते आणि पिल्ले अन्न शोधत वर येऊ लागतात. पहिला घास याच वेळी द्यावा लागतो. ४५ ते ५० टक्के प्रथिने असलेली, पिठासारखी बारीक भुकटी देतात. प्रमाण रोज वजनाच्या सुमारे २५ टक्के. एक लाख पिल्लांचे वजन ३ किलो धरले, तर दिवसाचे खाद्य ७५० ग्रॅम होते. ते एकदम टाकले तर बहुतेक कुजून पाणी नासेल. पिल्लाचे पोट इवलेसे असते आणि लगेच रिकामे होते, म्हणून तेच खाद्य दिवसभरात ६ ते १२ वेळा विभागून देतात. या वयात मात्रेपेक्षा वारंवारतेला अधिक जपावे. आफ्रिकन मांगुराच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे, कारण भुकेली पिल्ले आपल्याच भावंडांना खातात.

काही दिवसांनी पिल्ले संगोपन तळ्यात सोडतात. तेथे सुरुवातीचे आठवडे त्यांचे खरे अन्न म्हणजे प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी; म्हणून तळ्याला आधी खत देऊन पाणी तयार करतात. वरून दिवसातून एकदोनदा टाकलेल्या भुकटीचा बराच भाग तळ्यालाच खत म्हणून उपयोगी पडतो. साधारण महिनाभरात पिल्ले पृष्ठभागावर येऊन खाऊ लागली की सुमारे ३५ टक्के प्रथिनांचा चुरा आणि पुढे तरंगत्या बारीक गोळ्या, दिवसातून एकदा किंवा दोनदा, खातील तेवढ्या देतात. गोळी तरंगती असल्याने मासे किती खातात ते डोळ्यांना दिसते आणि कागदावरचा हिशेब तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो.

पाणी २६ ते ३० अंश सेल्सिअस असताना भूक सर्वांत चांगली असते. ते थंडावले की मात्रा घटवावी लागते. पहाटे तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, त्यामुळे तो पुरेसा वर येईपर्यंत सकाळचे खाद्य टाकत नाहीत.

बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या अवस्थेत एडवर्डसिएला इक्टॅल्युरी या जिवाणूचा आतड्यांचा रोग घातक ठरतो. तो पाणी २२ ते २८ अंशांवर असताना, म्हणजे मुख्यतः वसंतात व शरदात फैलावतो. त्या काळात एक दिवसाआड खाद्य दिले किंवा ते काही दिवस थांबवले, तर मरतूक घटते. वाढ थोडी मागे पडते, तरी मिसिसिपीतील अनेक उत्पादक हा तोटा पत्करतात.