भाषण छापले जाते तेव्हा : पुण्यातल्या परंपरावादी वक्तृत्वाची पार्श्वभूमी

एखाद्या परंपरावादी राजकीय भाष्यकाराच्या भाषणांचा संग्रह निघाला की पुण्यात त्यावर लगेच बाजू पडतात. कोणी म्हणते, विचारधन एकत्र आले. कोणी म्हणते, जुनेच पुन्हा छापले. बोललेले शब्द कागदावर कोणी उतरवले, कोणत्या भांडणाच्या भरात ते उच्चारले गेले आणि पुस्तकात येईपर्यंत त्यांना कोणाकोणाचे हात लागले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. या शहरात दीडशे वर्षे भाषणांची पुस्तके होत आली आहेत. ती घडवण्यात अनुयायांइतकाच वार्ताहरांचा, सरकारी भाषांतरकारांचा आणि पोलिसांचाही वाटा आहे.

१८७५ हे वर्ष यात महत्त्वाचे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने त्या वर्षी वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे वक्तृत्वोत्तेजक सभेने ती चालवली. त्याच वर्षी पावसाळ्यात मूर्तिपूजेला विरोध करणारे स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात त्यांची व्याख्याने झाली. स्वामी बोलत हिंदीत, टिपणे घेतली गेली मराठीत आणि पुढे त्या मराठीवरून पुन्हा हिंदी भाषांतर झाले. आज ‘पुणे प्रवचने’ म्हणून जी पंधरा व्याख्याने वाचायला मिळतात, ती अशी दोनदा भाषा बदलून आलेली आहेत. सप्टेंबरात स्वामींची मिरवणूक निघाली, तिच्यात जोतीराव फुलेही होते. सनातन्यांनी उलट ‘गर्दभानंदा’ची, म्हणजे गाढवाची, मिरवणूक काढली. एका बाजूची पंधरा व्याख्याने हाताशी आहेत आणि दुसऱ्या बाजूचे गाढव तेवढे लोकांच्या लक्षात राहिले. मूर्तिपूजेच्या बाजूने त्या दिवसांत पुण्यातल्या शास्त्र्यांनी जे युक्तिवाद केले असतील, ते असेच नेमके लिहून ठेवले गेले असते तर तो वाद आज दोन्ही कानांनी ऐकता आला असता. ही हानी मला फार मोठी वाटते.

सुधारकांकडे जपणूक आधीपासून होती. रानड्यांच्या धर्म आणि समाजसुधारणेवरच्या इंग्रजी लेख-भाषणांचा संग्रह १९०२ मध्येच निघाला आणि त्यांची ‘धर्मपर व्याख्याने’ रमाबाईंनी प्रसिद्ध केली. परंपरेची बाजू मांडणारे मात्र मुख्यतः लेखणीवर विसंबले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून निघू लागली. त्यांचा सगळा आवेश निबंधात आहे, सभेत नाही. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या कायद्यावरून १८९१ मध्ये पुणे दुभंगले, तेव्हा सभा पुष्कळ झाल्या, पण वाचायला उरला तो मुख्यतः वर्तमानपत्री मजकूर. म्हणून लोकमान्यांचे समाजविषयक मत शोधणारा आजही भाषणांकडे न जाता ‘केसरी’तल्या लेखांकडे जातो.

भाषण शब्दशः टिपण्याची खरी गरज पडली ती सरकारला. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेक उत्सव झाला. त्यात अफजलखानाच्या वधावर व्याख्यान झाले आणि टिळकही बोलले. त्याचा वृत्तांत १५ जूनच्या ‘केसरी’त आला. आठवड्याभराने, २२ जूनच्या रात्री, चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. मग तोच वृत्तांत राजद्रोहाच्या खटल्यात पुरावा झाला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वार्ताहराने लिहिलेला भाषणाचा गोषवारा वक्त्याला तुरुंगात पाठवू शकतो, हे पुण्याने तेव्हा पाहिले. १९०८ च्या खटल्यात टिळक स्वतःच्या बचावासाठी एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यातला मोठा भाग ‘केसरी’च्या लेखांची सरकारी भाषांतरे कशी चुकीची आहेत, हे दाखवण्यात गेला. त्या खटल्याचा साद्यंत वृत्तांत नरसिंह चिंतामण केळकरांनी पुस्तकरूपाने काढला. टिळकांचे सर्वांत दीर्घ छापील भाषण म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेला हा बचाव होय.

पण या विषयाचे मर्म कळायचे असेल तर १९१६ चे प्रकरण बारकाईने पाहायला हवे. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांनी त्या वर्षी १ मे रोजी बेळगावात, आणि ३१ मे व १ जूनला अहमदनगरला, स्वराज्यावर भाषणे केली. भाषणे मराठीत होती, समोर शेतकरी, व्यापारी, साधी माणसे होती. पोलिसांच्या लघुलेखकांनी ती मराठीतच उतरवून घेतली. जुलैत, षष्ट्यब्दीच्या, म्हणजे साठीच्या, सोहळ्यासाठी टिळकांच्या गायकवाडवाड्यात लोक जमत असतानाच, नोटीस येऊन थडकली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबरला तो आदेश रद्द केला. भाषण सुटी वाक्ये उचलून वाचायचे नसते, समोरच्या श्रोत्यांवर त्याचा एकूण परिणाम काय होतो ते पाहायचे असते, हे सूत्र न्यायालयाने मान्य केले.

याचा संग्रहांशी संबंध थेट आहे. ही भाषणे आज इतकी तपशिलात वाचायला मिळतात, कारण ती पकडण्यासाठी टिपली गेली. शिष्याने टिपले असते तर त्याने व्याकरण नीट केले असते, अडखळणे गाळले असते, एखादा बोचरा शब्द सौम्य केला असता. पोलिसाला तसे करण्याचे कारण नव्हते. इंग्रज अधिकारी आणि बादशहा वेगळे कसे, हे टिळक नोकर-मालकाच्या भाषेत लोकांना समजावतात, तेव्हा त्यांच्या बोलण्याची लय त्या नोंदींत लागते. त्यांच्या लेखनात ती तितकी लागत नाही. मद्रासच्या गणेश आणि कंपनीने अरविंद घोषांच्या लेखासह काढलेल्या इंग्रजी संग्रहात मात्र हीच लय भाषांतरात हरवते.

टिळकांना सरसकट परंपरावादी म्हणावे का, हा वाद पुण्यात कधी मिटणार नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून रानड्यांच्या जयंतीला बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची एक मांडणी केली होती. रानड्यांच्या विरोधकांच्या दोन छावण्या होत्या. एक श्रद्धेने सनातनी पण राजकारणापासून दूर, तिचे पुढारी चिपळूणकर. दुसरी विचाराने आधुनिक पण आधी राजकारण पाहणारी, तिचे पुढारी टिळक. आणि रानड्यांविरुद्ध दोन्ही एक झाल्या. हे भाषण आंबेडकरांनी स्वतःच प्रस्तावना लिहून पुस्तकरूपाने काढले आणि भाषणावर झालेल्या टीकेलाही त्या प्रस्तावनेत उत्तर दिले. भाषण, त्यामागचे निमित्त आणि त्यावरची प्रतिक्रिया एकाच पुस्तकात देण्याचा हा नमुना पुढच्या संपादकांनी उचलायला हवा होता.

सावरकरांच्या बाबतीतही कप्पे अपुरे पडतात. हिंदुराष्ट्राचा हा प्रवक्ता रत्नागिरीत पतितपावन मंदिर उघडत होता आणि गाईकडे उपयुक्त पशू म्हणून पाहा, असे सांगत होता. १९३७ ते १९४२ या काळातल्या हिंदुमहासभेच्या अधिवेशनांतली त्यांची अध्यक्षीय भाषणे ‘हिंदुराष्ट्र दर्शन’मध्ये एकत्र आली. ती योजून केलेली राजकीय निवेदने आहेत. मे १९५२ मध्ये पुण्यात अभिनव भारत संस्थेच्या सांगता समारंभात केलेली भाषणे वेगळ्या जातीची. तिथे ते जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणींत रमतात. दोन्ही संग्रहांतल्या वाक्यांना एकच वजन देऊन उद्धृत करणारे लेख नेहमी दिसतात, आणि त्याने सावरकरांचे समर्थक व टीकाकार दोघेही वाचकाची दिशाभूल करतात.

पुढे ध्वनिफीत आली आणि आता चित्रफीत. टिपणकाराची भूमिका त्यामुळे संपली असे वाटते, पण ती संपादकाकडे गेली आहे. सभागृहातली टाळी, मध्येच उठून कोणी विचारलेला प्रश्न, वक्त्याने घाईत दिलेले उत्तर, आदल्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आलेली बातमी, हे सगळे पुस्तकात येताना गळते. परंपरावादी भाष्यकाराच्या बाबतीत ही गळती अधिक नडते, कारण तो बहुधा कोणाला तरी उत्तर देत असतो आणि ज्याला उत्तर दिले त्याचे म्हणणे पुस्तकात नसते. निदान प्रत्येक भाषणाखाली तारीख, ठिकाण, निमंत्रक, मजकूर ध्वनिमुद्रणावरून घेतला की टिपणावरून, आणि संपादकाने काय गाळले, एवढ्या पाच गोष्टी छापाव्यात. शेवटची प्रश्नोत्तरे तर मुळीच कापू नयेत. वसंत व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठावर पुण्याचा श्रोता जे विचारतो, त्यातूनच वक्ता नेमका कोणाशी वाद घालत होता ते उमगते.