पायलट की मशीन? वाद काय आजचा नाही

अहमदाबादच्या अपघाताचा विषय निघाला की आमच्या बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या चहावाल्याकडं अजून दोन पार्ट्या पडतात. एका बाजूला एअरफोर्समधून रिटायर झालेले काका, इंजिनांवर आयुष्य काढलेलं, आणि दुसऱ्या बाजूला हत्तरगीच्या एसईझेडमध्ये, म्हणजे तिथल्या खास औद्योगिक क्षेत्रात, विमानाचे पार्ट मशीनिंग करणारा एक पोरगा. सांबऱ्यात हे चालणारच की, 1942 ला ब्रिटिशांच्या हवाईदलानं इथं धावपट्टी केली तेव्हापासून विमान म्हणजे घरचाच विषय.

12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं बोईंग 787 विमान पडलं, 260 जीव गेले. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला, त्यात होतं की टेकऑफनंतर दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच, म्हणजे इंजिनाला इंधन सोडणारे, एका सेकंदाच्या अंतरानं रनवरून (चालू) कटऑफला (बंद) गेले, एक पायलट दुसऱ्याला विचारतो का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. बास, टीव्हीवर निकाल लागला. पायलटांच्या संघटना भडकल्या, कारण संभाषण पूर्ण न देता एवढा तुकडाच दिलेला, आणि त्याच अहवालात असंही होतं की या स्विचचं लॉक काही विमानांत निसटलेलं आढळतंय म्हणून अमेरिकेनं 2018 लाच तपासणीची सूचना काढलेली, पण सक्तीची नव्हती म्हणून एअर इंडियानं ती तपासणी केलीच नव्हती. ते लॉक म्हणजे काय ते काकांनी चहावाल्याच्या दाराची कडी दाखवून सांगितलं, "आधी उचलायची, मग सरकवायची, धक्का लागून सरकणारी वस्तू नाही ही." पोरगा लगेच म्हणाला, "म्हणजे काका तुमीच पायलटवर ढकलायलाय की!"

हा राग समजायचा तर मागं जावं लागतं. 6 फेब्रुवारी 1958, म्युनिक, मँचेस्टर युनायटेडच्या टीमचं विमान तिसऱ्यांदा टेकऑफ करताना धडकलं, 23 जण गेले. कॅप्टन जेम्स थेन वाचला आणि तेच त्याला भोवलं, पंखावरचा बर्फ काढला नाही म्हणून जर्मन चौकशीनं त्याच्यावर खापर फोडलं. खरं कारण धावपट्टीवरचा बर्फाचा चिखल, 117 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे विमानाचा वेग मोजायचं माप) गेलेला स्पीड त्या चिखलात चाकं अडकून 105 वर आला. हे ब्रिटिशांनी मान्य केलं 1969 ला! तोवर नोकरी गेलेली आणि कॅप्टनसाहेब कोंबड्या पाळत होते. अकरा वर्षं.

आपल्याकडचं उदाहरण बेंगळुरूचं. 14 फेब्रुवारी 1990, इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं एअरबस ए320 विमान मुंबईहून येऊन धावपट्टीच्या अलीकडं गोल्फच्या मैदानात उतरलं, 146 पैकी 92 गेले. इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी पॉवरवर, स्पीड घसरत गेला आणि लक्षात येईपर्यंत उशीर झाला. चौकशीनं पायलटांकडं बोट दाखवलं, पण खरा वाद वेगळाच होता. जुन्या बऱ्याच विमानांत कॉम्प्युटरनं पॉवर कमी केली की पायलटच्या हातातला पॉवरचा लिव्हर पण मागं सरकायचा, हाताला कळायचं, ए320 मध्ये लिव्हर जागचा हलतच नाही, डोळ्यानं डायल बघितला तरच समजणार. मग चूक हाताची की ज्यानं हाताचं काम काढून घेतलं त्याची? सरकारनं तर तेव्हा ए320 चा अख्खा ताफाच जमिनीवर बसवलेला. पुढं 2018-19 मध्ये बोईंगच्या 737 मॅक्सची दोन विमानं पडली, 346 लोक गेले, पहिल्या वेळी सुरुवातीला पायलटांच्या ट्रेनिंगवरच संशय, आणि निघालं काय तर एकाच सेन्सरवर भरवसा ठेवून नाक खाली दाबणारं सॉफ्टवेअर.

खरं तर विमान तपासाचा आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की चौकशी दोष ठरवायला नाही, परत होऊ नये म्हणून करायची. कागदावर झकास. पण मेलेला पायलट उलट उत्तर देत नाही आणि कंपनीकडं वकील असतात, म्हणून माझं मन आपोआप पायलटकडं झुकतं.

काकांचं पण झुकतं, स्विचचं काही म्हणू देत. पण त्या दिवशी पोरानं मंगळुरूच्या विमान अपघाताचा विषय काढला. 22 मे 2010, 158 गेले, 8 वाचले. व्हॉइस रेकॉर्डरवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज, नंतर चुकीच्या उंचीवरून उतरताना को-पायलट तीनदा सांगतोय गो अराउंड, म्हणजे उतरू नको, परत वर घे, आणि कॅप्टन ऐकत नाही. "इथं कुठला सेन्सर बिघडला काका?"

काका काय बोलले नाहीत. मगापासून वर धरलेली कडी तेवढी खाली सोडली आणि आणखी एक हाफ चहा सांगितला.