हातात पडणारा पगार (इंदूर)

ठरलेल्या पगारातून आयकर, वृत्तीकर (राज्याचा व्यवसाय कर), भविष्य निर्वाह निधी अशा कपाती वजा जाता महिन्याच्या शेवटी बँकेत जमा होणारी रक्कम. इंदूरच्या मराठी घरांत लग्नाची बोलणी सुरू झाली, की 'पॅकेज किती?' याच्या पाठोपाठ 'आणि हातात किती?' हा प्रश्न येतोच, आणि दुसराच प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे.

आयकर केंद्राचा असल्याने त्याचे दर इंदुरात आणि पुण्यात सारखेच. आयकराच्या दोन प्रणाली आहेत: गुंतवणुकीच्या आणि घरभाड्याच्या सवलती देणारी जुनी, आणि बहुतेक सवलती नसलेली नवी. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवरच्या रकमेला ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची सूट हा कर पुसून टाकते. नोकरदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही (स्टँडर्ड डिडक्शन) मिळते, म्हणून १२ लाख ७५ हजारांपर्यंतचा पगार करमुक्त ठरतो. ही रेषा ओलांडली की पगारवाढ अंगाशी येते, अशी भीती अनेकांना असते. ती खरी नाही. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झाले, तर टप्प्यांच्या हिशेबाने कर ६१,५०० होतो. पण सीमांत सवलतीमुळे तो वरच्या १०,००० रुपयांपुरताच राहतो. त्यावर ४ टक्के उपकर तेवढा भरावा लागतो.

महिना ६०,००० रुपये पगार आणि त्यात मूळ वेतन ३०,००० असलेल्या इंदुरी कर्मचाऱ्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांनी निधीचे ३,६०० जातात, वृत्तीकराचे २०८ जातात आणि नव्या प्रणालीत आयकर शून्य. हातात ५६,१९२ पडतात. मात्र हे ३,६०० खर्च झालेले नसतात, ते पुढच्यासाठी बाजूला पडतात. जुन्या प्रणालीत याच माणसाने निधीखेरीज कोणतीही गुंतवणूक दाखवली नाही, तर वर्षाला सुमारे ३८,८५० रुपये आयकर बसतो.

पगारपत्रकात शहर डोकावते ते थोडक्याच जागी. महाराष्ट्रात ज्याला व्यवसाय कर म्हणतात, तो इथे 'मध्य प्रदेश वृत्तिकर अधिनियम, १९९५' या कायद्याने वृत्तीकर झाला. ४ लाखांवरच्या पगाराला तो वर्षाला २,५०० रुपये: ११ महिने २०८ आणि एक महिना २१२. संविधानाच्या कलम २७६ नुसार याहून जास्त घेताच येत नाही. दुसरी जागा घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीची. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई एवढ्यांनाच पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा होती. बाकी सगळीकडे ४० टक्के. गंमत अशी, की सातव्या वेतन आयोगाच्या घरभाडे भत्त्यासाठी पुणे जास्त भत्त्याच्या 'एक्स' वर्गात आणि इंदूर त्याखालच्या 'वाय' वर्गात असले, तरी या सवलतीसाठी दोन्ही शहरे एकाच ४० टक्क्यांच्या ताटात बसली. शिवाय नव्या प्रणालीत घरभाड्याची सवलतच नाही.

महागाईचा आणि आयकराचा संबंध याहून खोल आहे. आपल्याकडे कराचे टप्पे महागाईबरोबर आपोआप सरकत नाहीत. जुन्या प्रणालीतली अडीच लाखांची मर्यादा २०१४ पासून तिथेच आहे. पगार केवळ भाववाढीइतका वाढला, म्हणजे खरेदीची ताकद होती तेवढीच राहिली, तरी माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जातो. दर न वाढवता वाढलेला हा कर पगारपत्रकात वेगळा दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी भांडतही नाही.

आयकर शून्य असलेल्या घरालाही कर चुकत नाही. तो वाणसामानातून आणि पंपावरून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पाकीटबंद नमकीनवरचा १२ वरून ५ झाला. शेवेशिवाय ज्यांचे पोहे गळ्याखाली उतरत नाहीत, त्या इंदूरकरांसाठी ही किरकोळ बाब नव्हे. पेट्रोल मात्र जीएसटीबाहेर आहे आणि मध्य प्रदेशाचा त्यावरचा व्हॅट देशातल्या चढ्या दरांत मोडतो. पुण्याच्या तुलनेत भाड्यात वाचलेल्या पैशांतला काही भाग रोज स्वतःच्या गाडीने पीथमपूरच्या कारखान्यात जाणारा असा टाकीत ओततो.