शरीरस्वीकार चळवळ

अंगकाठी किंवा वजन पाहून माणसाची किंमत ठरवू नये, त्याला नोकरीत, शिक्षणात किंवा दवाखान्यात दुय्यम वागणूक मिळू नये, असा आग्रह धरणारी सामाजिक चळवळ. समाजमाध्यमांवर ती ‘बॉडी पॉझिटिव्हिटी’ म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ मात्र अमेरिकेतील जाड माणसांच्या हक्कांच्या लढ्यात आहे.

जून १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये रेडिओ निवेदक स्टीव्ह पोस्ट यांच्या हाकेला ओ देऊन सुमारे ५०० लोक जमले. त्यांनी डाएटची पुस्तके जाळली आणि त्या काळची गाजलेली सडपातळ मॉडेल ट्विगी हिचा फोटोही जाळला. जाड पत्नीला मिळणारी वागणूक पाहून अस्वस्थ झालेले अभियंता बिल फॅब्री यांनी १९६९ मध्ये जाड व्यक्तींसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘फॅट अंडरग्राउंड’ गटातील ज्युडी फ्रीस्पिरिट आणि अल्डेबरान यांनी जाहीरनामा काढला. त्यांचा रोख डाएटच्या धंद्यावर होता, तसाच डॉक्टरांवरही. १९७६ मध्ये मिशिगन राज्याने आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराने वजनावरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली.

वजनावरून तब्येतीचा निवाडा करण्याची सवय बीएमआयने (बॉडी मास इंडेक्स) पक्की केली. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात तो मांडला तो लोकसमूहाची सरासरी अभ्यासताना. एकेका रुग्णाचे निदान हा त्यामागचा हेतू नव्हता. त्याच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह नसेल, हा समज आपल्याकडे म्हणूनच घातक ठरतो.

बीएमआय हे नाव १९७२ मध्ये रूढ करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनीच उपासमारीवरचा प्रसिद्ध प्रयोग केला होता. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांच्या मनात अन्नाखेरीज काही उरले नाही. ते ताटे चाटून पुसत, जेवण तासन् तास लांबवत, पाककृतींची पुस्तके वाचत. पुन्हा जेवण मिळू लागल्यावर काहींना खाणे आवरेना. भूक मारल्याने मन आजारी पडते, हे या प्रयोगाने दाखवले. खाण्याच्या विकारांकडे ‘नखरे’ किंवा ‘फॅशन’ म्हणून पाहणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

हे विकार बारीक मुलींनाच होतात, हाही गैरसमजच. अ‍ॅनोरेक्सियात अन्न टाळले जाते, बुलिमियात भराभर खाऊन उलटी वगैरे मार्गांनी ते बाहेर काढले जाते, बिंज ईटिंगमध्ये खाण्यावरचा ताबा वारंवार सुटतो. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेने वजन कमी नसतानाही अ‍ॅनोरेक्सियाची इतर सर्व लक्षणे असू शकतात, हे मान्य केले. अशा मुलाचे किंवा मुलीचे वजन झपाट्याने उतरते, पाळी चुकते, नाडी मंदावते आणि घरी मात्र कौतुक होते: ‘छान बारीक झालीस!’ आजार बळावतो तो बहुतेकदा इथेच.

मराठी घरांत वजनावर बोलणे आपुलकीचे समजले जाते. ‘किती सुटलीस गं!’, ‘सासरची हवा मानवली वाटतं’, ‘लग्न ठरेपर्यंत भात बंद कर’ ही वाक्ये प्रेमाने म्हटली जातात, पण ऐकणारी ती वर्षानुवर्षे विसरत नाही. हिणवल्याने वजन उतरते, याला आधार नाही. उलट, लपूनछपून खाणे, व्यायामाची लाज आणि दवाखाना टाळणे वाढते. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनातही वजनाच्या कलंकामुळे शरीराला व मनाला अपाय होतो आणि उपचारात अडथळा येतो, असे स्पष्ट म्हटले आहे.

चळवळीवर लठ्ठपणाचे उदात्तीकरण केल्याचा आरोप होतो. अति वजनाने मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो हे खरेच आहे. पण धोका असलेल्या माणसाला आदराने वागवले तरच तो तपासणीला येतो. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: इन्स्टाग्रामवर ‘बॉडी पॉझिटिव्हिटी’ हा शब्द सुडौल मॉडेलांनी आणि सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींनी बळकावला, आणि ज्यांच्यासाठी लढा उभा राहिला ती माणसे मागे पडली. काहींना शरीरावर प्रेम करण्याची सक्तीही जाचते. शरीराचा विचारच थोडा कमी करावा, असे त्यांचे म्हणणे.

दवाखान्यात वजन घेण्यापूर्वी विचारणे, हात नसलेली रुंद खुर्ची आणि मोठ्या दंडाला पुरेल असा रक्तदाबाचा पट्टा ठेवणे, प्रत्येक दुखण्याचे खापर वजनावर न फोडणे, हे बदल साधे आहेत. खाण्याच्या विकारांवर मानसोपचार, आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि किशोरवयीनांसाठी कुटुंबासह उपचार गुणकारी ठरतात. भारतात ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याबाबत विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते.