ताकायामात सकाळी सातला का निघायचं?

आमच्या जपान सहलीचा कार्यक्रम हातात पडला की ताकायामा या डोंगरातल्या जुन्या गावाच्या दिवसावर हमखास फोन येतात. सुट्टीवर येऊनही सातला बाहेर पडायचं का? निवांत नाश्ता करून साडेनऊला निघालं तर काय बिघडेल? आधी ठिकाणं पाहू, खरेदी शेवटी ठेवू, म्हणजे पिशव्या वागवायला नकोत, असंही बरेच जण सुचवतात. प्रश्न रास्त आहेत, म्हणून निघण्यापूर्वीच सविस्तर सांगतो.

ताकायामाचा बाजार सकाळचा असतो आणि दुपारी बारा वाजता संपतो. रोज भरणारे दोन बाजार आहेत. एक मियागावा नदीच्या काठाने काजिबाशी पुलापासून पुढे, आणि दुसरा ताकायामा जिनया या जुन्या सरकारी कचेरीसमोरच्या मोकळ्या जागेत. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी सातला आणि थंडीत आठला ते सुरू होतात. बाराच्या पुढे कुणी थांबत नाही, आणि भाजी-फळांच्या टपऱ्या तर माल संपला की त्याआधीच आवरायला लागतात. आपल्याकडे खरेदी म्हणजे संध्याकाळचं काम, त्यामुळे "फिरून झाल्यावर घेऊ" हे सहज तोंडात येतं. इथे नेमका तोच विचार सगळा दिवस वाया घालवतो. साडेनऊला निघालेली मंडळी आधी जिनया पाहतात, फोटो काढतात, आणि बाजारात पोचतात तेव्हा ताडपत्र्या गुंडाळणं चालू असतं. मग "दुपारी परत येऊ" म्हणून वेळ राखून ठेवतात, आणि दुपारी तिथे नुसता नदीकाठ असतो.

दुसरं कारण गर्दीचं. नागोयाहून येणाऱ्या 'हिदा' गाडीला सुमारे अडीच तास लागतात. एका दिवसात जाऊन येणारे पर्यटक पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात. त्याआधीचा बाजार गावातल्या माणसांचा असतो. शेतकरी बायका स्वतः पिकवलेला माल मांडून बसतात, बोलायला सवड असते, चाखायला लोणच्याची फोड पुढे करतात. आमच्या सहलीत ताकायामाला मुक्काम ठेवलेला आहे तो याचसाठी. नागोयाहून जाऊन-येऊन केलं असतं तर खर्च कमी झाला असता, हे आम्हालाही कळतं. पण मग ही सकाळ मिळाली नसती, आणि तिच्याशिवाय ताकायामा दाखवणं आम्हाला पटत नाही.

आमचा क्रम असा. खोलीत चहा-बिस्किट घेऊन थेट मियागावा बाजार. तिथे दीड-दोन तास. पावणेनऊला जिनया उघडतं, तेव्हा आपण दारात असतो. १६९२ मध्ये शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, ताकायामाभोवतीचा हिदा प्रांत थेट आपल्या ताब्यात घेतला. इथलं लाकूड आणि खनिजं त्यांना हवी होती. पुढची १७७ वर्षं कारभार इथूनच चालला, आणि ही इमारत १९६९पर्यंत सरकारी कचेरी म्हणून वापरात होती. अशा कचेऱ्या जपानभर होत्या, त्यांतली मुख्य इमारत टिकून राहिलेली ही एकटीच. धान्याचं कोठार आवर्जून पाहा. आत बूट काढून पिशवीत घेऊन फिरायचं असतं. थंडीत लाकडी फरशी गारठलेली असते, म्हणून जाड मोजे घाला. बाहेर पडलात की समोरच दुसरा बाजार. फळं तिथे घ्या आणि सहलीतच संपवा, ताजी फळं भारतात आणायच्या भानगडीत पडू नका. मग लाल रंगाचा नाकाबाशी पूल ओलांडून सान्माची. काळपट लाकडी घरांची ही जुनी पेठ दहाच्या सुमारास जागी होते आणि संध्याकाळी पाचपर्यंत बहुतेक दुकानं बंद होतात. दारावर जपानी देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला दिसला की ती साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांची पेढी समजा.

आता खाण्याबद्दल, कारण खरी अडचण इथे येते. ताकायामा हिदा बीफसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते गोमांस आहे. फलकावर बैलाचं चित्र असेल तर ओळखता येतं. पण कोरोक्के बाहेरून अगदी बटाट्याच्या पॅटिससारखा दिसतो, आणि इथे त्याच्या सारणात बहुतेकदा हेच मांस असतं. गरम वाफाळते पांढरे बन असतात, त्यांतही तेच. न विचारता घेऊ नका. मिसो सूप आणि इथल्या चुका सोबा नूडल्सच्या रश्शात मासळीचा अर्क असतो, वरून भाज्याच दिसत असल्या तरीही. शाकाहारी मंडळींनी मिताराशी दांगो जरूर खावा. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला ओवून, सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजतात. इतर ठिकाणी तो गोड असतो, इथला खारट आणि खमंग लागतो. टपरीपाशी उभं राहून खायचा आणि काडी तिथेच परत द्यायची. रस्त्यात कचऱ्याचे डबे सापडत नाहीत, म्हणून खिशात एक छोटी पिशवी ठेवा.

खरेदीत लाल सलगमाचं लोणचं घ्या, ते पाकीटबंद मिळतं. काही लोणच्यांत सुक्या माशाचा कीस असतो, तेवढं विचारून घ्या, आणि पाकीट केबिन बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत टाका. चेहरा नसलेली लाल सारुबोबो बाहुली पूर्वी आज्या नातींसाठी शिवत. भेट म्हणून ती हलकी आणि न फुटणारी. खर्च करायची तयारी असेल तर शुनकेई लाखेचा ट्रे बघा. मधासारख्या पारदर्शक थरातून लाकडाच्या रेषा दिसतात, आणि वापरात तो वर्षानुवर्षं टिकतो. बाजारात भाव करू नका, तिथे ती पद्धत नाही. बहुतेक टपऱ्यांवर रोखच लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून येन काढून सुटे करून ठेवा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करण्याचं काम मात्र भारतातूनच उरकून या.

राहिला पिशव्यांचा प्रश्न. हॉटेल सोडायच्या आधी सामान रिसेप्शनवर ठेवता येतं, आणि सकाळी घेतलेल्या वस्तूही तिथेच आणून टाकता येतात. बाजारापासून हॉटेल चालत गाठता येईल असंच आम्ही निवडतो. ज्येष्ठांना सातला निघणं जमत नसेल तर आधी सांगा. आमचा माणूस त्यांना साडेआठला घेऊन थेट जिनयापाशी येईल, समोरचा बाजार त्यांना तरीही मिळेल.

गोमांस, मासे, अंडी, कांदा-लसूण यांपैकी काय चालत नाही ते जपानीत छापलेलं कार्ड आम्ही प्रत्येकाला नावानिशी देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यासाठीचा फॉर्म सहलीच्या पंधरा दिवस आधी भरून पाठवा. उशीर झाला तर कार्ड हाताने लिहून द्यावं लागतं आणि टपरीवाल्या आजींना ते वाचायला त्रास होतो.