वाहनपत्र्याचे वितळजोडकाम

मोटार, जीप, टेम्पो, रिक्षा अशा वाहनांचा सांगाडा आणि अंगावरचा पत्रा धातू वितळवून सांधण्याची कृती. व्यवहारात तिला वेल्डिंग म्हणतात. नव्या वाहनाची कारखान्यातील जोडणी हा वेगळा विषय असल्याने त्याचा येथे ओझरता उल्लेख आहे. गंजलेल्या किंवा ठोकर बसलेल्या पत्र्याची दुरुस्ती आणि त्यासाठी घरी अथवा लहान गाळ्यात ठेवण्याजोगे यंत्र यांचा विचार ठाणे–नवी मुंबई परिसराच्या अनुषंगाने केला आहे.

संज्ञा : ‘वितळजोडकाम’ हा शब्द तांत्रिक परिभाषेत रुळला असला तरी तो काटेकोर नाही. लोहार लोखंडाचे दोन तुकडे पांढुरके होईपर्यंत तापवतो आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करतो. त्यात धातू वितळत नाही, तरीही तो जोड वेल्डिंगच ठरतो. उलट पितळी सळीने केलेल्या झाळकामात सळी वितळते, मूळ पत्रा नाही. मोटारदुरुस्तीत मात्र त्यालाही सर्रास ‘गॅस वेल्डिंग’ म्हटले जाते. डाख देणे ही याहूनही कमी तापमानाची कृती होय. कारागिरांच्या बोलीत संज्ञा वायूवरून पडल्या आहेत : मिग यंत्राच्या (वायूच्या कवचात सतत पुढे सरकणारी तार विजेने वितळवणाऱ्या) कामाला ‘सीओटू’, टिगच्या (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने करावयाच्या) कामाला ‘आरगॉन’ आणि विद्युत् अग्राच्या (लेप दिलेल्या, स्वतः वितळणाऱ्या सळीच्या) कामाला नुसते ‘रॉड’. यातून गोंधळ होतो, कारण मिग यंत्रालाही आरगॉनमिश्रित वायू लागू शकतो. तात्पुरत्या ठिपक्याला म्हणतात तो ‘टाका’ इंग्रजी ‘टॅक’वरून आला की शिवणकामातल्या टाक्यावरून, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येईल. सोनारकामातही जोडाला टाका म्हणण्याची पद्धत आढळते. ती पाहता शब्द घरचाच असावा आणि इंग्रजी शब्दाशी साम्य योगायोगाचे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उगम : विद्युत् प्रज्योत (आर्क) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगशाळेत दिसली. तिचे श्रेय सामान्यतः हंफ्री डेव्ही यांना दिले जाते. १८०२ च्या सुमारास व्हसीली पेट्रोव्ह यांनीही ती रशियात स्वतंत्रपणे पाहिली होती. तिचा जोडकामासाठी उपयोग प्रथम कोणी केला, हा प्रश्न वादाचा आहे. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त द मेरितांस यांनी १८८१ मध्ये कार्बन अग्राने विद्युत् घटमालेच्या शिशाच्या पट्ट्या जोडल्या. त्यांच्याकडे काम केलेल्या निकलाय बेनार्डोस यांनी स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांच्यासह १८८५ मध्ये ब्रिटिश आणि १८८७ मध्ये अमेरिकन एकस्व (पेटंट) मिळविले. मेरितांस यांना अग्रमान देणाऱ्यांचे म्हणणे असे की, तत्त्व तेच होते आणि पुढे बदलली ती मूठ. तथापि हाताने धरून, हव्या त्या सांध्यावर फिरवता येईल असे साधन बेनार्डोस यांच्या एकस्वातच स्पष्ट दिसते. पोलाद जोडण्याचा हेतूही तेथेच आहे. त्यामुळे आजच्या अर्थाने वेल्डिंगचा आरंभ बेनार्डोस यांच्यापासून धरणे सोयीचे.

धातूचेच अग्र वितळवून सांधा भरण्याच्या कल्पनेबाबतही असाच पेच आहे. रशियात निकलाय स्लाव्ह्यानॉव्ह (१८८८) आणि अमेरिकेत सी. एल. कॉफिन (एकस्व १८९०) यांनी ती जवळजवळ एकाच वेळी मांडली. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे मानण्यास सबळ कारण नाही. उघड्या सळीचा जोड हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजनमुळे ठिसूळ होई. ही अडचण स्वीडनचे ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास सळीवर लेप देऊन सोडविली. ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीचे मूळ ल शातल्ये यांच्या १८९५ च्या प्रयोगांत आहे. वापरण्याजोगी ज्योतनळी (टॉर्च) विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत आली.

वाहनांच्या दृष्टीने मात्र या सर्वांहून महत्त्वाचा शोध ईलायहू टॉमसन यांचा. दोन पत्रे तांब्याच्या टोकांत दाबून त्यांतून प्रचंड प्रवाह सोडण्याची त्यांची रोधजोड पद्धत १८८० नंतरच्या दशकातील. तिच्यावरच बिंदुजोड (स्पॉट वेल्डिंग) उभा राहिला. एडवर्ड बड यांच्या १९१२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कंपनीने सर्वपोलादी मोटारकाया या तंत्राने बनविल्या. आजच्या मोटारीत असे काही हजार बिंदू असतात. टिग पद्धत १९४१ च्या सुमारास विमानांच्या मॅग्नेशियमसाठी आणि मिग १९४८ मध्ये ॲल्युमिनियमसाठी पुढे आली. स्वस्त कार्बन डाय-ऑक्साइड वायू वापरून साध्या पोलादाला मिग लावणे १९५३ मध्ये सोव्हिएट रशियात साधले आणि मोटारदुरुस्तीचे दार तेव्हा उघडले.

पत्रा व उष्णता : मोटारीच्या दाराचा किंवा मडगार्डचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमी. जाडीचा असतो, बाजाराच्या भाषेत बावीस गेज (०.७१ मिमी.). तळाचा पत्रा वीस ते अठरा गेज (०.९ ते १.२ मिमी.), चासीचा याहून जाड. इतक्या पातळ पत्र्यात मजबूत जोड देणे अवघड नाही. अवघड आहे ते आजूबाजूचा पत्रा जागच्या जागी ठेवणे. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणजे ३० सेंमी. पट्टी ५०० अंशांनी तापली तर जवळजवळ १.८ मिमी. लांबते. तिला बाजूला सरकायला वाव नसतो, म्हणून पत्र्याला पोट येते. थंड होताना जोड आकसतो आणि ते पोट कायमचे होते. गॅसच्या ज्योतीने उष्णता दूरवर पसरते, त्यामुळे सपाट दारावर ती टाळावी. जुन्या ‘डेंटिंगवाल्यांना’ मात्र पाण्याने भिजवलेले फडके व लाकडी हातोडी घेऊन तोच पत्रा परत बसवता येई, आणि ते कसब कमी लेखण्याजोगे नव्हते.

मिग यंत्राने काम करताना सलग रेघ ओढायची नसते. दोन इंचांवर एक टाका, मग दुसऱ्या टोकाला टाका, मग मध्ये. हात लावता येईल इतका पत्रा थंड झाला की टाक्यांमधली जागा भरायची. कारखान्यातला बिंदुजोड काढून नवा पत्रा बसवताना वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमी.चे भोक पाडून ते खालच्या पत्र्यापासून भरून आणतात (प्लग वेल्ड). मूळ जोडाच्या जवळ जाणारा घरगुती उपाय हाच. प्रवाह व तारेची गती जुळली की कढईत मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज येतो. तार जास्त झाली तर ती होल्डर (हातात धरायची नळी) मागे ढकलते, कमी झाली तर वितळून नळीच्या तोंडालाच चिकटते. शिकाऊ माणसाने आकड्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवावी.

दोन प्रकारचा पत्रा वेगळा मानावा लागतो. अलीकडच्या मोटारींचे खांब व दारातील आडपट्ट्या अतिबलवान पोलादाच्या असतात. त्या तापविल्या तर बळ जाते. अशा ठिकाणी कमी उष्णतेचे सिलिकॉन-काशाच्या तारेचे झाळकाम किंवा उत्पादकाने नेमून दिलेल्या रेषेवर तुकडा बदलणे एवढेच मान्य आहे. दुसरा, जस्तलेपित पत्रा. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. तो दूध प्यायल्याने उतरतो हा समज गाळ्यागाळ्यांत आहे. त्याला आधार नाही. लेप आधी घासून काढणे व वारा येतो त्या बाजूला उभे राहणे हाच उपाय.

घरगुती यंत्राची निवड : बाजारात यंत्र त्याच्या कमाल प्रवाहावरून विकले जाते, २०० किंवा २५० अँपियर हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. पत्र्याच्या कामाला तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. पाहावयाचे ते यंत्र ३० ते ४० अँपियरला प्रज्योत न तुटता धरते का. बावीस गेजला याहून फार जास्त लागतच नाही.

रॉडच्या यंत्राने पातळ पत्रा जोडता येतो असे सांगणारे भेटतात. २ मिमी. सळी व ४०–५० अँपियर घेऊन जुन्या कारागिराला ते जमतेही. इतरांच्या हातून जोडाऐवजी भोक पडते. जीपची चासी, टेम्पोचा हौदा, बंपरचा ब्रॅकेट यांसाठी मात्र रॉड उत्तम. पूर्वी फॅब्रिकेशनच्या गाळ्यात दिसणारे तेलात बुडविलेले ट्रान्सफॉर्मर यंत्र दोन फेजवर चाले आणि हलवायला दोन माणसे लागत. आयजीबीटी या इलेक्ट्रॉनिक स्विचवर आधारलेली इन्व्हर्टर यंत्रे हातात मावतात व घरच्या २३० व्होल्टवर चालतात.

घरच्या १६ अँपियरच्या प्लगला काय पेलेल याचा हिशोब करता येतो. रॉडने ८० अँपियरवर काम करताना प्रज्योतीचा दाब सुमारे २३ व्होल्ट म्हणजे शक्ती १,८५० वॉट. यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्के व शक्तिगुणांक (पॉवर फॅक्टर) ०.७ धरला तर वीजवाहिनीतून १३ ते १४ अँपियर ओढले जातात. १२० अँपियरला हाच आकडा २२ च्या घरात जातो आणि एमसीबी पडतो. मिगवर ६० अँपियरला दाब १७ व्होल्टच असल्याने वाहिनीवरचा भार ७ ते ८ अँपियर. पत्र्याच्या कामाला महावितरणकडून वेगळी जोडणी घेण्याची गरज सहसा पडत नाही ती यामुळे. लांब, बारीक एक्स्टेन्शन मात्र दाब खाते.

कार्यचक्र (ड्यूटी सायकल) दहा मिनिटांच्या मापाने देतात : ६० टक्के म्हणजे सहा मिनिटे काम, चार विश्रांती. आंतरराष्ट्रीय मानकात ही चाचणी ४० अंश हवेत होते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालचा गाळा याहून तापलेला असतो, शिवाय सर्व विक्रेते मानक पाळून आकडा देतात असेही नाही.

तारेसाठी ०.६ मिमी. व्यास पातळ पत्र्याला सर्वांत सोयीचा. स्थानिक दुकानांत ०.८ मिमी. सहज मिळतो आणि त्यावरही भागते. निव्वळ कार्बन डाय-ऑक्साइड स्वस्त असून खोल शिरतो, पण ठिणग्या फार उडवतो; ८० टक्के आरगॉनचे मिश्रण पत्र्यावर शांत चालते. घरात सिलिंडर नको म्हणून बिनवायूची, पोटात रसायन भरलेली तार घेतात. तिला यंत्राची ध्रुवता उलटी करावी लागते (होल्डर ऋण) आणि हे न केल्यामुळेच अनेकजण ती वाईट ठरवितात. ती पातळ पत्र्याला गरमच पडते. पण उघड्यावर, खाडीचा वारा सुटलेला असताना वायूपेक्षा तीच बरी. टिगचा जोड सर्वांत देखणा, परंतु सांधा तंतोतंत बसलेला आणि गंजमुक्त असावा लागतो. जुन्या गाडीच्या तळाशी अशी जागा क्वचित मिळते.

ठाणे–नवी मुंबईतील प्रघात : वागळे इस्टेट आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांमुळे या परिसरात वेल्डरची वस्ती जुनी आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. सीआर (थंड स्थितीत लाटलेल्या) पत्र्याचा तुकडा हवा असल्यास कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत जावे लागत नाही, फॅब्रिकेशनच्या गाळ्यातली कातरण पुरते. घरगुती यंत्राला जागा मिळते ती गावठाणातल्या अंगणात किंवा स्वतःच्या गाळ्यात. सोसायटीच्या स्टिल्टखाली शेजारच्या गाड्यांच्या टाक्या चार हातांवर असतात. तेथे ठिणगी पाडू नये, मग कमिटीची परवानगी असो वा नसो.

येथील दमट हवेचे तीन परिणाम नोंदविण्याजोगे आहेत. पहिला सळीवर : लेप ओल धरतो आणि जोडात भोके राहतात, म्हणून पावसाळ्यात पेटीत बल्ब पेटता ठेवून सळ्या आत ठेवण्याची रीत आहे. दुसरा कारागिरावर : घामाने भिजलेले हातमोजे विजेला अडवत नाहीत. तिसरा पंख्याचा. उकाड्यामुळे पाठीमागे टेबलपंखा लावला जातो, तो वायूचे कवच उडवून नेतो आणि जोडाला जाळी पडते. दोष मात्र सिलिंडरला दिला जातो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडणे, अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळ लावणे आणि पाठीमागचे फोम व डांबरी लेप काढणे ही किमान दक्षता. चासी क्रमांकावर वा त्यालगत जोड देऊ नये. दुरुस्ती आणि फेरफार यांत मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने भेद केला आहे. लांबी वाढविणे किंवा छप्पर कापणे दुरुस्तीत मोडत नाही.

ठिगळाचे आयुष्य बहुधा पाठीमागून संपते. जोड देताना आतल्या बाजूचा रंग जळतो व उघडा पत्रा बंद पोकळीत राहतो. सुमारे २,५०० मिमी. पावसाच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या या पट्ट्यात तो पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होतो. जोडण्याआधी दोन्ही कडांना जस्ताचा प्रायमर आणि नंतर पोकळीत मेण सोडले तर गंज बराच लांबतो. तळपट्टीच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी मूळ भोके असतात. ठिगळ लावताना ती हमखास बुजतात. म्हणून अनुभवी कारागीर जुना पत्रा कापण्याआधी खडूने त्या भोकांच्या जागा शेजारच्या पत्र्यावर उतरवून घेतो आणि ठिगळ बसल्यावर तेथेच ड्रिल घालतो.