नेतोजी पालकरांचे पक्षांतर

मराठी राज्याचे सरनोबत (सेनापती) नेतोजी पालकर यांनी १६६६ च्या आरंभी शिवाजी महाराजांची बाजू सोडून विजापूरच्या आदिलशाहीत जाण्याची, आणि थोड्याच आठवड्यांत तेथून मोगलांना मिळण्याची घटना. नावाची ‘नेताजी’ व ‘नेतोजी’ अशी दोन्ही रूपे साधनांत येतात. खाली दिलेल्या इंग्रजी तारखा जुन्या (ज्युलियन) पंचांगाप्रमाणे आहेत.

‘प्रतिशिवाजी’ म्हणून लौकिक मिळवलेला हा सेनानी. अफझलखान प्रसंगी (१० नोव्हेंबर १६५९) खानाच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत ते अग्रभागी होते आणि त्यानंतर त्यांच्या घोडदळाने थेट आदिलशाही मुलखात मुसंडी मारली. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा मोडण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. १६६३ च्या सुमारास मोगली मुलखावर चालून गेले असता सात हजार स्वारांनी त्यांचा पाठलाग केला. त्यात सुमारे ३०० घोडी गमावून ते जखमी अवस्थेत निसटले, असे इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते.

पक्षांतराची पार्श्वभूमी मोगलांशी झालेल्या पुरंदरच्या तहाची (जून १६६५) आहे. तहानुसार महाराज मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाच्या विजापूर मोहिमेत सामील झाले. त्यांच्याबरोबर नेतोजीही होते, आणि फलटण, ताथवडा ही ठाणी घेण्यात मराठी फौजेचाच पुढाकार होता. विजापूरपासून अवघ्या काही कोसांवर पोहोचूनही जयसिंगाला जानेवारी १६६६ मध्ये माघार घ्यावी लागली. याच सुमारास महाराज आदिलशाहीच्या ताब्यातील पन्हाळ्यावर चालून गेले. १६ जानेवारीला सूर्योदयाच्या तीन तास आधी हल्ला चढवला गेला. परंतु गडावरची शिबंदी सावध होती. सुमारे एक हजार माणसे मारली गेली वा जायबंदी झाली आणि उजाडताच महाराजांना खेळणा ऊर्फ विशाळगडाकडे वळावे लागले.

वादाचा खरा मुद्दा येथून सुरू होतो. नेतोजी वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना शब्द लावून सरनोबतीवरून दूर केले आणि ते पद कडतोजी गुजर यांना ‘प्रतापराव’ हे नाव देऊन सोपवले, असे बखरकार कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. मात्र सभासदाने बखर १६९४ नंतर जिंजीस लिहिली. तो तिथी देत नाही आणि घटनांचा क्रमही नेहमी पाळत नाही. तरीही ही हकिकत १६६० च्या वेढ्याला नव्हे, तर १६६६ च्या अपयशालाच लागू पडते, कारण १६६५ अखेरपर्यंत नेतोजी सेनापती म्हणूनच वावरताना दिसतात. दुसरे साधन जयसिंगाच्या पत्रांचे. त्याचा मुन्शी (पत्रलेखक) उदयराज याच्या हातची ही पत्रे ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात जतन झाली व जदुनाथ सरकारांनी त्यांवरच आपला वृत्तांत उभा केला. त्यानुसार विजापूरकरांनी नेतोजींना चार लाख होन (सोन्याची नाणी) दिले. हा आकडा जपून घ्यायला हवा. पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांच्या मुलखाचा वार्षिक वसूलही चार लाख होनच धरलेला होता. एका सरदाराला तेवढी रोख रक्कम मोजली गेली असेल, हे पटणे कठीण. छावणीतल्या बोलवेचा तो आकडा असावा.

तिसरे मत असे की नेतोजी महाराजांच्याच संकेताने गेले, म्हणजे हा सगळा डाव होता. मराठी वाचकाला हे मत मनापासून हवेसे वाटते. प्रत्यक्ष पुरावा मात्र त्याच्या बाजूने उभा राहत नाही: विजापूरकडून त्यांनी मोगली मुलखावर जोरदार छापे घातले, आणि महाराज त्या वेळी तहाने मोगलांशी बांधलेले होते. आपल्याच धन्याला अडचणीत आणणारा डाव कोणी कशाला रचील? अपमान आणि आमिष ही दोन्ही कारणे एकत्र धरणे अधिक सयुक्तिक.

महाराज ५ मार्चला आग्र्याकडे निघाले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २० मार्चला, जयसिंगाने नेतोजींना फोडले. पाच हजारी मनसब (मोगली दरबारातील दर्जा), नव्या अस्थिर मुलखात नव्हे तर जुन्या वसलेल्या सुभ्यांत जहागीर आणि ३८,००० रुपये रोख, अशा त्यांच्या सर्व मागण्या मान्य झाल्या. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. मोगलांकडे येणे म्हणजे त्या घटकेला महाराज ज्या पक्षात होते त्याच पक्षात येणे होय. फितुरीचा आरोप खऱ्या अर्थाने लागू होतो तो विजापूरला गेलेल्या पहिल्या पावलाला.

ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि सारे चित्र पालटले. नेतोजी धन्याला जाऊन मिळतील या संशयाने औरंगजेबाने त्यांच्या अटकेचा हुकूम काढला. ऑक्टोबर १६६६ मध्ये धारूर येथे त्यांना धरण्यात आले. दिल्लीस नेल्यावर १६६७ च्या आरंभी त्यांचे धर्मांतर झाले, ‘मुहम्मद कुलीखान’ हे नाव मिळाले आणि पुढे काबूलकडील मोहिमेवर रवानगी झाली. वाटेत लाहोरच्या आसपास त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

सुमारे दहा वर्षांनी दख्खनच्या मोहिमेवर आले असता मोगली छावणी सोडून ते रायगडी परतले. प्रायश्चित्त देऊन त्यांना स्वधर्मात घेतल्याची नोंद जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडील तिथिवार नोंदींत) शके १५९८ च्या आषाढात आहे (१९ जून १६७६). बजाजी निंबाळकरांच्या शुद्धीबरोबर या घटनेचा उल्लेख नेहमी होतो. तथापि निंबाळकरांच्या बाबतीत महाराजांशी जुळलेल्या सोयरिकीने जसा शिक्कामोर्तब झाला, तसे येथे दिसत नाही. सरनोबतीचे पदही त्यांना परत मिळाले नाही. तेव्हा हंबीरराव मोहिते त्या जागी होते.

यापुढील आयुष्याविषयी साधने जवळजवळ मूक आहेत. नांदेड जिल्ह्यातील तामसा येथे त्यांची समाधी दाखवली जाते.